लाईट गेलेली दुपार

विट्याला आमच्या भिंतीपलीकडे आठ माग,
पहाटेपासून खटाखट.
रेवण त्यातच झोपायचा, निवांत.
गुणी लेकरू गं, म्हणायची शेजारीण.
मीही म्हणायचे.

आला-गेला तो ओठच बघायचा.
ग्रहणात विळी धरली होतीस का,
टोपडं मागं सारून विचारायचा.
मिरजेला आधी ओठ शिवला, मग टाळू.
नाकातून परत येणारं दूध, टाके, ताप, एसटी,
यात कान राहिले ते
तेल लावून, पुसून, टोपड्याखाली.

मग एका शुक्रवारी लाईट गेली.
आठही माग थांबले.
एवढं गप्प झालं की
कांडी घरंगळलेली परड्यात ऐकू आली.
मी पाठीमागून हाक मारली,
पहिल्यांदाच हळू.
मग मोठ्यानं.
मग ताटली आपटली.
तो बोटाला दोरा गुंडाळत बसलेला.

पडद्यामागं पाणी साठलंय, डिंकासारखं.
टाळूला फट असली की
कानाचाही निचरा होत नाही, डॉक्टर म्हणाले.
तळहातावर नळी दाखवली,
तांदळाच्या कणीएवढी.
कधीपासून असेल, मी विचारलं.
ते लिहीत राहिले.

नळ्या घालून आणला त्या संध्याकाळी
सासऱ्यांनी माग चालू केला
आणि रेवण किंचाळला,
भिंतीकडं बघत,
जणू ती आजच बांधली कुणी.
सासरे पळत गेले, बटण बंद केलं.
ऑर्डर तशीच राहिली अर्धी.

आता दुपारचा झोपत नाही.
लई किरकिरा झालाय गं, म्हणते शेजारीण.
व्हय, म्हणते मी.
झालाय.