अंतर : शून्य

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
तार्तूच्या बस-आगारामागे आम्ही जमतो,
जिथे भिंतीतून डिझेलची ऊब झिरपते
आणि राखाडी पडलेला बर्फ कडेला ढकललेला असतो.

आधी हिशेब.
उर्मास सांगतो, आठवड्यात बेचाळीस किलोमीटर;
त्यातले सहा पळालेल्या कुत्र्यामागे, पण तेही तो धरतो.
कायाचं घड्याळ म्हणतं तिचं शरीर एकतिशीचं आहे.
ती चव्वेचाळिसाची. सध्या घड्याळावर तिचा फार जीव.
तार्वोची टाच दुखते, म्हणून तो तळव्याखाली
गोठवलेली बाटली फिरवतो बातम्या बघताना,
आणि जो भेटेल त्याला बाटलीचे गुण सांगत सुटतो
जसे कुणी नव्या जावयाचे सांगावेत.
मी पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. माझं थोडक्यात :
पळाले. थांबले. परत पळाले.

हेल्दुर काहीच सांगत नाही.
तो एव्हाना घोट्यांवर आलेला असतो.
उजवा वीस, डावा वीस, मग उलटे वीस.
मग गुडघे, वाट्यांवर तळवे ठेवून, हलकेच,
शेजारच्या दोन पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवावा तसे.
मग कंबर. मग खांदे. मान सगळ्यात शेवटी.
"मान आधी वळवली," तो म्हणतो,
"की माणूस घराकडे बघतो."

आम्ही त्याचं बघून बघून करतो
आणि सुटतो कमानी पुलाकडे.
तीन हिवाळे मला वाटायचं,
तो मागून येत असेल, सावकाश.

मग फेब्रुवारीतल्या अर्ध मॅरेथॉनला
सतराव्या किलोमीटरवर माझ्या गुडघ्याने राजीनामा दिला.
उरलेले चार मी चालत गेले.
एका आजोबांनी मला मागे टाकलं,
मग अस्वलाचा पोशाख केलेल्या एका पोराने.
अस्वल निदान "सॉरी" म्हणालं.

तरीही मंगळवारी आले. सवय.
घोटे, गुडघे, कंबर, खांदे, मान, सगळं केलं
आणि सगळे गेले तेव्हा तिथेच उभी राहिले.
कपाळावरचे दिवे एकेक करून कमानीवर चढले,
पलीकडे उतरले. नदी काळी झाली.

हेल्दुरही तिथेच होता.

"तू जात नाहीस?"
"चार वर्षं झाली," तो म्हणाला आणि छातीवर
जाकिटाच्या चेनवरून एक बोट खाली ओढलं.
"पळू नका म्हणाली डॉक्टरीण.
तयारीबद्दल ती काही बोलली नाही."

त्याने खिशातून वही काढली,
बस चालवायचा तेव्हाची, फेऱ्यांचे रकाने छापलेली.
दर मंगळवार एका ओळीत :
उणे सात. घोटे बरे. डावा खांदा कुरकुरतो. अंतर शून्य.
उणे अकरा. वारा. घोटे बरे. अंतर शून्य.
अधिक दोन, चिखल. काया नव्या बुटांत. अंतर शून्य.
पानंच्या पानं शून्यं,
आणि एकही घाईत काढलेलं नाही.

पेन्सिल माझ्याकडे वळवून म्हणाला, "अंतर?"
मी म्हणाले ते त्याने लिहिलं, स्वतःच्या ओळीखाली,
माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारून.

थंडी चढत होती. आम्ही परत घोट्यांपासून सुरू केलं.
अर्ध्यात त्याने हात वर केला. "ऐक."
मला फक्त आगाराचा पंखा ऐकू येत होता.
"काया पुढे आहे. डावा पाय घासतेय, बूट चुकलेत तिचे.
तार्वो बरा आहे, टाच टेकवतोय.
आणि उर्मास शेवटी चाललाय. आज तो खोटं बोलणार."

उर्मास कोपऱ्यापर्यंत चालत आला असावा;
कोपऱ्यावरून मात्र धावत आला,
भुवयांवर बर्फ, मनगट उंच धरून :
"पाच दहा! किलोमीटरला पाच मिनिटं दहा!"

मी बुटांच्या नाड्या बघू लागले.
हेल्दुरने वही मिटली,
थर्मासचं झाकण काढून आधी त्याला दिलं.
"छान," म्हणाला. "आता एकदम उभा राहू नकोस.
चालत राहा."