गाळलेल्या जागा

तार्तूच्या त्या तळघरात माझं काम एवढंच:
शाई लाटणं.
पोळपाटाएवढी काच, वर रबरी रूळ.
शाई बारीक चुरचुरू लागली
की साल्मे कूसिक म्हणायची, पुरे.

ठोकळा नासपतीचा.
चार महिने ती त्यातून काहीतरी काढून टाकत होती.
काय कोरतेस, विचारलं.
बर्चची झाडं, म्हणाली.
पण पटाशी झाडांना शिवतच नव्हती,
ती कोरायची झाडांच्या मधलं.

लाकूडठशाचा कायदा साधा:
जे राहिलं ते काळं उमटतं,
काढून नेलं ते पांढरं.

खात्याचे साहेब आले, बुटांना बर्फ.
ठसा उजेडाला धरला, मग लांब धरला,
खोडं मोजली बहुधा. सतरा.
"जंगल," म्हणाले. "हिवाळा. छान."
आणि पाठीमागे शिक्का मारला.

त्या रात्री रूळ पुसताना
डोळ्यात टर्पेंटाइन गेलं.
किलकिल्या डोळ्यांनी दोरीकडे पाहिलं
तर जंगल मागे सरलेलं,
आणि खोडांमधून माणसं चाललेली.
कुणाच्या पाठीवर बोचकं, कुणाच्या कडेवर मूल,
एकीच्या हातात, शप्पथ, शिवणयंत्र.
डोळे चोळले. झाडं.
पुन्हा पाहिलं. माणसं.
दोन्ही एकदम कधीच नाहीत,
एक बसलं की दुसऱ्यानं उठायचं.

सकाळी मी एवढंच म्हणालो,
ही डावीकडे चाललीत.

तिनं ठोकळा माझ्यापुढे सरकवला.
लाकडात ती उजवीकडे निघाली होती,
पूर्वेला, मार्चमध्ये, मालगाडीकडे,
एकोणपन्नास साली नेली तशीच.

"कागदावर उलटं होतं," ती म्हणाली,
आणि डाव उचलून
(तोच, ज्यानं दुपारी सूप ढवळायची)
नव्या कागदाची पाठ घासू लागली.
"कागदावर ती घरी येतात."

आता तो ठसा संग्रहालयात आहे, काचेमागे.
परवा एक शाळकरी मुलगी
मान तिरकी करून बराच वेळ पाहत होती.
कंगवा, म्हणाली. दात पडलेला.
मी बाकावर होतो, बोललो नाही.

मग तिनं डाव्या कडेला बोट टेकवलं,
जिथे साल्मेनं पटाशी लावलीच नाही,
दाराएवढं काळं.
आणि हे काय आहे?

चाळीस वर्षं मी डोळे किलकिले करतोय, पोरी.
अजून ते नुसतं काळं आहे.