री ओढताना

स्टेनवरच्या टेबलावर कॉड माशांच्या कानातले खडे,
वालाच्या दाण्याएवढे.
खडा मधोमध कापायचा,
भिंगाखाली वळी मोजायची.
एक वळं, एक हिवाळा.

चौदा फ्योर्ड. चौदा फायली.
पहिल्या फ्योर्डासाठी तिनं 'आर'मध्ये अकरा ओळी लिहिल्या,
मन लावून.
मग त्याच उचलून खाली डकवल्या, नाव बदललं.
परत उचलल्या, डकवल्या, नाव बदललं.
पाचव्या खेपेला कॉफी संपली,
आठव्या खेपेला बाहेर अंधार झाला,
म्हणजे दुपारचे तीन वाजले असणार,
आणि बाराव्या खेपेला
बोटं नुसती री ओढत होती.

आलेख सुरेख आले. अहवाल गेला.

सोमवारी हाफ्लिदीचा फोन, धक्क्यावरून,
अर्धे शब्द वाऱ्यानं नेलेले:
"आमच्या पाण्यात एवढे म्हातारे मासे?
चाळीस वर्षं जाळं टाकतोय, बाई,
असा एक आजोबा दाखव मला."

ती शोधत बसली.
ओळ एकशे एकोणतीस:
दीराफ्योर्दुरच्या जागी
शेजारच्या आर्नारफ्योर्दुरचं नाव तसंच राहिलेलं.
एका पाण्याचे हिवाळे
दुसऱ्या पाण्याच्या खात्यावर जमा.
आणि शेवटच्या, चौदाव्या तुकड्यातही
तेच नाव, तितक्याच निवांतपणे बसलेलं.

एकशे चोपन्न ओळी पुसल्या.
एक फंक्शन लिहिलं. नाव ठेवलं आल्दुर,
त्यांच्या भाषेत वय.
मोजायचं कसं, ते एकदाच सांगितलं.
कुणाचं मोजायचं, ती जागा कंसात मोकळी ठेवली.
अकराच्या आता नऊच ओळी उरल्या;
दोन कशासाठी होत्या
तिलाही आठवेना.
चूक झालीच तर एकाच घरात सापडेल,
चौदा दारं ठोठावायला नकोत.

हाक मारली एकेकाला.
तेरा आकडे आले. हाफ्लिदीचे मासे
पाच वर्षांनी तरुण झाले.
चौदाव्यापुढे मात्र
NA.

तिनं फायल उघडली: तारखा होत्या,
बोटीचं नाव होतं,
वयाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.
इतके दिवस त्या कोऱ्या जागेत
शेजारचे मासे पोहत होते.

गाळता आली असती ती ओळ,
एका शब्दाचं काम.
तिनं राहू दिली.
हाफ्लिदीला फोन लावला, विचारलं,
"तिकडे, उत्तरेच्या त्या शेवटच्या पाण्यात
हल्ली कोण जातं?"

बराच वेळ
नुसता वारा.