बटण माझ्या खांद्यामागे

इसाफ्योर्दुरच्या इस्पितळाचं छत खोटं आहे,
चौकोनी पट्ट्यांचं, पाणी घातलेल्या दुधाच्या रंगाचं.
फ्लॅश वर फेकला की उजेड खाली येतो
तो थोडा शिळा होऊनच.
खोलीत शिरल्यावर मी आधी छत बघते,
मग बाळंतीण.
हे कुणाला सांगत नाही.

नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे गेला तो गेलाच.
आज जानेवारीची वीस.
पंचवीसला येईल म्हणतात, आमच्या गल्लीत दोनचार मिनिटं,
आणि गाव घावनासारखे पातळ पॅनकेक करून
कॉफीबरोबर त्याचं स्वागत करेल. ढग नसले तर.
तोवर जे काय दिसायचं ते दिव्यांच्या मर्जीने.

आमच्या आइसलँडी भाषेत सुईणीला
उजेडाची आई म्हणतात.
आणि फोटोला उजेडाचं चित्र.
म्हणजे आल्फदिस आणि मी शब्दाने तरी बहिणी.
पण सख्ख्या नव्हेत.
"एकदाच," ती फ्लॅशकडे बोट करते,
"तोही वर. आणि मी सांगेन तेव्हा."
मी मान डोलावते, बॅटऱ्या बदलते,
आणि लाडीगोडी लावून
डोक्यावरची ती हिरवट ट्यूब बंद करून घेते.
तिच्याखाली गुलाबी बाळंसुद्धा आजारी दिसतात.

हुग्रून भिंतीला कपाळ टेकून उभी.
एविंदुर कोळंबीच्या कारखान्यातून थेट आलेला,
बाही अजून ओली,
तिच्या कमरेवर तळवा दाबून.
मी कोपऱ्यातला दिवा टॉवेलाने अर्धा झाकला.
तिची मान, मानेला चिकटलेले केस, त्याचा अंगठा,
एवढंच उजळलं
आणि एवढंच हवं होतं.
खरं सांगायचं तर मी खूश होते.
अशा वेळी मी खूश असते, कुणी ओरडत असलं तरी.

चार वाजून दहा मिनिटांनी बाळ आलं
आणि गप्प राहिलं.

"दिवा!" आल्फदिस म्हणाली. "मोठा!"

बटण माझ्या खांद्यामागे होतं.
मीच बंद करवलेलं.

दाबलं.
ट्यूब दोनदा अडखळली, मग पेटली.
सपाट, निर्दय उजेड,
सगळ्यांवर सारखाच पडलेला:
रक्तावर, एविंदुरच्या उघड्या तोंडावर,
कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीवर.
असा उजेड मी जन्मात लावला नसता.
तिने मागितला, कारण तिला रंग बघायचा होता.
ओठांचा.
चित्रासाठी नव्हे.

ती चोळत होती, पुसत होती, वाकून काही पुटपुटत होती.
कॅमेरा माझ्या छातीवर लोंबत होता,
लेन्स उघडी, आत काहीच जात नव्हतं.
माझं बोट अजून बटणावर,
जणू सोडलं तर सगळं विझेल.
मी मोजत होते. सतरा. अठरा.
एकोणिसाला ती खोकली.
मग अशी रडली की
आल्फदिस पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाली,
"आता. वर."

सत्तावीसला हुग्रूनचा फोन.
फोटो आवडले. टॉवेलवाले विशेष.
"रडण्याआधीचा एकही नाही?"
"नाही."
"का? कॅमेरा होता ना?"
"गळ्यात."
"आणि हात?"
मी सांगितलं.
बराच वेळ नुसती केटलची शिट्टी ऐकू येत होती.
मग म्हणाली, "काल आमच्या खिडकीत आला होता तो.
तिच्या गालावर पडला.
तिने डोळे घट्ट मिटले आणि तोंड फिरवलं."
"मग?"
"मग काय. पडदा ओढला."