वरकड

एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचत हिंडलो
पोर्ट ऑगस्टाच्या गल्ल्यांतून,
एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात कुत्र्यांसाठी बिस्किटं.
कोण रात्रभर जागं असतं,
कुणी मासे पाळलेत, कुणाचा फ्रीज म्हातारा झालाय,
सगळं आकड्यांत कळायचं.
कधी बोललो नाही कुणाला.

आता घरचाच वाचतो.
सकाळी नऊपर्यंत पडद्यावरचा बाण आत,
मग छपरावरच्या वीस काचा जाग्या होतात
आणि बाण उलटतो:
आमच्याकडून बाहेर.

कंपनी देते युनिटला तीन सेंट.
तीच वीज संध्याकाळी मागायला गेलं
तर पंचेचाळीस.
ग्लेनिस म्हणते, आपलंच दूध डेअरीला घालायचं
आणि चहाला पिशवी विकत आणायची.

ऑक्टोबरात तर विचारू नका.
ना कूलर, ना हीटर.
डोंगर तांबडे, आखातावरून वारा,
आम्ही दोघं वापरून वापरून किती वापरणार?
केटल, रेडिओ, तिचं शिवणयंत्र.
बाकी सगळं वरकड.

म्हणून गाडी घेतली. निळी, सेकंडहँड,
मागच्या दाराला पोचा.
दुपारी केबल लावतो, शेजारी खुर्ची टाकतो,
आणि फोनवर बोट ठेवून,
वाफ्याला दारं धरावं
तसं ऊन वळवत बसतो.
अकरा अँपिअर. चौदा.
ढग आला, सहा.
ढग गेला, पुन्हा अकरा.

तेवढ्यात आत ग्लेनिस ओव्हन लावते.
सहा. शून्य.
"अगं, दहा मिनिटं थांबली असतीस!"
"केक काय ढगांना विचारून फुगतो?"

खरी अडचण वेगळीच निघाली.
मला जायचंच कुठे होतं?
दवाखाना, वाचनालय,
महिन्यातून एकदा मुलीकडे, व्हायालाला.
मंगळवारी बॅटरी भरली.
बुधवारी ऊन पुन्हा दारात हजर,
आणि गाडी ढेकर देऊन गप्प.

कुंपणापलीकडे न्यांदेंग राहते.
भाड्याचं घर, वर नुसता पत्रा.
मालक चार वर्षं म्हणतोय, बघू.
रात्रपाळीची नर्स. सकाळी आठला येते,
पडदे ओढून झोपते.
तिच्या भाषेत तिच्या नावात पाऊस आहे,
हे तिनंच सांगितलं, आणि आमचं कोरडं गटार बघून
बराच वेळ हसली.

एकदा बिल घेऊन आली.
"तुम्ही मीटरवाले ना? एवढं कसं?"
चष्मा लावून दोनदा पाहिलं.
पांढरी छोटी गाडी, दिवसभर उभी,
आणि भरायची संध्याकाळी, उठल्यावर, सगळ्यात महाग वेळेला.
आकडा बरोबर होता.
बरोबर आकड्याचं काहीच करता येत नाही.

शनिवारी मी कुंपणाची एक फळी काढली.
केबल पलीकडे सरकवली,
तिच्या गाडीपर्यंत पोचली, बोटभर उरली.
"पैसे?" तिनं विचारलं.
"तीन सेंट. कंपनी देते तेच."
तिनं मान डोलावली नाही, वाद घातला नाही,
महिनाअखेरीला जॅमच्या बरणीत नाणी आणून दिली,
मोजलेली, आणि कागदात गुंडाळून
आंबवलेल्या पिठाची दोन पातळ धिरडी.
ग्लेनिसनं एक उभ्यानंच खाल्लं.
दुसरं मला मिळालं असं म्हणता येईल, काठ तरी.

आता दुपारी मी खुर्ची कुंपणाशी नेतो.
बाण आतही नाही, बाहेरही नाही,
मधेच थबकलेला.
पडद्यामागं ती झोपलेली,
मी फळीला हातसुद्धा लावत नाही, वाजेल म्हणून.
आणि परवा आतून हाक आली, दबक्या आवाजात,
"कॉलिन, तिची भरली का?
मग ओव्हन लावते."

रात्री साडेनऊला ती निघते.
गाडीचा आवाज येतच नाही,
येतो तो चाकांखालच्या खडीचा.
आमचं दुपारचं ऊन
कोपऱ्यावर क्षणभर थांबतं,
आणि इंडिकेटर देऊन
हॉस्पिटलकडे वळतं.