अडथळा क्रमांक अकरा

टेप माझाच. पिवळा, शिलाईकामाचा,
तेहतिसापाशी जरासा फाटलेला;
तिथं आलं की मी अंदाजानं धरते.
"रस्त्याला अंदाज चालत नाही, मावशी,"
तृप्ती म्हणाली. नंदनवारांची पोर.
दुपट्ट्यातून नुसते डोळे दिसून राहिले होते,
आणि हातात छापील तक्ते.

नवतपा लागलेला.
तांडापेठेतली दुपार म्हणजे
कूलरच्या पाठीकडची हवा.
आम्ही निघालो: ती, मी, ठेलेवाला रहीमभाई
आणि धकात्यांचा चेतन, खिशात कांदा,
हातात तापमान मोजायची बंदूक,
करोनात कपाळावर धरायचे तसली.
डांबर: एकसष्ट.
निंबाखाली, सतरा पावलांवर: एकेचाळीस.
चेतननं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.
रहीमभाईनं ठेला मुकाट सतरा पावलं सरकवला.

फुटपाथची उंची छत्तीस सेंटिमीटर.
म्हणजे चौदा इंच, म्हणजे
माझ्या गुडघ्याला दोन दिवसांचा ठणका.
या गल्लीतली प्रत्येक कंबर मला ठाऊक आहे.
कोणाला शुगर निघाली, ते बाह्या सैल झाल्या की कळतं.
पण चालणं कोणी केव्हा सोडलं
हे मी कधी विचारलं नव्हतं.
वहीत तसा रकानाच नाही.

पाऊलवाटसरू मोजायचं काम परातेकाकांकडे.
जन्मभर मागावर धागे मोजले त्यांनी,
आता पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसून माणसं मोजतात.
सहा ते आठ. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
पोरं वेगळी, बाया वेगळ्या, काठीवाले वेगळे.
खांबावरचा दिवा गेला त्या रात्री
बायांच्या रकान्यात शून्य.
शून्य त्यांनी इतकं गोल काढलं
की तृप्तीनं त्याचा फोटो घेतला.

मग अडथळे. एक, उघडी नाली.
चार, ट्रान्सफॉर्मर. सात, वाळूचा ढीग,
त्याच्यावर कायमचं झोपलेलं कुत्रं.
दहा, पानठेल्याचं बाकडं.
अकराशी तृप्ती थांबली. नुसती थांबली.
मी टेप सोडला,
वर पाहिलं तर माझीच पाटी:
'देवकन्या लेडीज टेलर्स'.
माझ्याच दुकानाची पायरी.
मागच्या दिवाळीत बांधलेली, वर लाल फरशी,
गिऱ्हाइकाच्या चपला ठेवायला.

"हे सोडून द्यायचं का, मावशी?"
रहीमभाई आभाळाकडं पाहू लागले. चेतन पायाकडं.
बाप्पा, एकसष्ट डिग्रीत इतकं गार
मला कधी वाटलं नव्हतं.
मी पुन्हा वाकले. चौऱ्याहत्तर सेंटिमीटर.
तेहतिसापाशी टेप घसरला,
तो नीट केला. पुन्हा चौऱ्याहत्तर.
"लिही," म्हटलं.

फाइल महापालिकेत दिली.
साहेब म्हणाले, बघून राहिलो.
ते अजून बघून राहिले आहेत.
नाली उघडीच. कुत्रं तिथंच.
पायरी मात्र मी फोडली, मिस्त्री न बोलावता,
छन्नीनं, तीन संध्याकाळी,
आणि लाल फरशीसाठी थोडी रडले, हेही खरं.

पावसाळा सरल्यावर दुसरी मोजणी.
परातेकाकांचा तक्ता तपासताना तृप्ती म्हणाली,
"मावशी, हे काय? मंगळवारी
सहा दहा ते सहा चाळीस कोरं आहे.
रेघ नाही, शून्यही नाही. काका विसरले काऊन?"

मी काजं करत होते.
मंगळवारी, सहाच्या सुमारास,
खालचं दार करकरलं होतं. मग काठी.
मग माझ्या दुकानासमोरून, फोडलेल्या जागेवरून,
थांबत, भिंतीला हात लावत,
निंबापर्यंत, आणि तिथं बराच वेळ,
आणि परत.

"विसरले नाहीत," मी म्हटलं.
"खिडकीत तेव्हा कोणी नव्हतं."