परातीतली पेठ

आधी परातीच्या बुडाला भोक पाड, स्रवंती.
जर्मनची परात आहे, खिळ्याच्या दोन ठोक्यांत पडतं.
माझी पहिली बाग बुडून मेली.
सोलापुरात, चव्वेचाळीस डिग्रीत, बुडून.
सांगितलं की लोक हसतात.
पण पाचव्या दिवशी नळ येतो,
हंडे भरतात, पिंप भरतं, तांबेसुद्धा भरतात,
तरी नळ चालूच असला की
हाताला राहवत नाही.
वरून ओतत गेले, खाली मुळं कुजत गेली.
माती हुंगून बघ.
ओल्या गोणपाटासारखा वास आला तर उशीर झालाय.
नाहीतर बोट खुपस दुसऱ्या पेरापर्यंत,
कोरडं लागलं तरच दे.
नळाचा वार झाडाला कुठं ठाऊक असतो.

पायरीवर पांढरं चढलंय ते बोअरचं मीठ.
दीर म्हणाले, वैनी, तुमच्या पेठेत बर्फ पडला!
लिंबाची फोड फिरव,
दात पडलेल्या ब्रशानं घास, हलक्या हातानं.
पायरी काडेपेटीची आहे, दगडाची नाही.

अकरा ते चार वर टॉवेल टाक.
माझा हा बघ, एका बाजूची किनार चुकलेला.
कारखाना बंद झाला तेव्हा
यांच्या शेवटच्या पगाराऐवजी असले दोन डझन मिळाले.
अंग पुसायला एकही काढला नाही यांनी.
मी चिनी गुलाबावर टाकते.
ऊन गाळून येतं, पानं भाजत नाहीत.

आणि तू म्हणालीस, देठाला कापूस आलाय.
कापूस नव्हे तो. पिठ्या ढेकूण.
मुंग्या त्यांना कडेवर घेऊन हिंडतात,
म्हणून आधी मुंग्यांची वाट मोड,
परातीखाली पाण्याच्या चार वाट्या ठेव.
मग मूठभर तंबाखू रात्रभर भिजव,
गाळ, साबणाचं पाणी घाल थोडं, शिंपड.
सकाळी शिंपडलं,
संध्याकाळी सगळे खाली पडलेले.
बत्तीस वर्षं मी तीच तंबाखू मांडीवरच्या सुपात घेऊन बसले,
दिवसाला हजार विड्या.
त्या संध्याकाळी दिवा लावायचा राहिला,
बोटंच बघत बसले होते.
तू हात धू. दोनदा धू.

कात्री मात्र विडीचीच चांगली.
जेडचं झाड बॉबिनच्या घराच्या वर गेलं की
घर खेळण्यातलं दिसायला लागतं.
शेंडा खुड, दर पंधरा दिवसांनी.
वाईट वाटतं, मलाही वाटतं.
त्याला कुणी सांगितलेलं नाही
की आपण लहान बागेत आहोत.
पानओवा तर लावूच नको,
महिन्यात सगळी गल्ली खाऊन टाकतो.

परवा तू विचारलंस,
अक्का, घर आहे, विहीर आहे,
धोट्याचा बाक आहे, माणूस का नाही?
मापात मिळत नाही गं.
गड्ड्याच्या जत्रेतून एक आणला होता,
प्लास्टिकचा पोलीस, घराच्या दुप्पट,
धाड टाकायला आल्यासारखा दिसायचा.
मग तेंदूच्या पानाचा वळला एक,
लाल दोऱ्यानं कंबर बांधली,
बाकावर बसवला,
यांच्यासारखाच एका कुशीवर कलून.
दोन दिवसांत वाळला, आतल्या आत गुंडाळला गेला.
मला त्याची विडी दिसायला लागली.
काढून टाकला.

यावर उपाय मला सापडलेला नाही.
बाक झाडून ठेवते, पाला पडतो त्यावर.

उद्या पाचवा दिवस.
पहाटे साडेतीनला येईल पाणी, मला हाक मार.
हंडे भर, पिंप भर.
आणि नळ चालू असेपर्यंत
परातीकडे पाठ करून उभी राहा.